स्वातंत्र्य, वंश-जात आणि राज्यसत्ता: तत्त्वज्ञान चालू वादांना कसे लावावे

नाशिकमध्ये राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिल, बर्लिन, रॉल्स, आंबेडकर हे स्वातंत्र्य आणि न्यायाविषयी लिहिणारे सगळे विचारवंत अभ्यासक्रमात वाचून झाले आहे. पण लघुशोधप्रबंधासाठी अमेरिकेतील पोलीस आणि कृष्णवर्णीय नागरिक, आपल्याकडील तडीपारीच्या कारवाया, येत्या सिंहस्थासाठीचे कॅमेरे असे विषय हाती घेतले की त्या वाचनाचे नेमके काय करायचे हे कळत नाही. एखादा विचारवंत निवडून त्याच्या सूत्रावरून निकाल काढायचा का? आणि वंश व जात यांना एकाच मापाने मोजता येते का?

आधी माझे मत सांगतो, मग कारणे. सूत्र लावून निकाल काढणे हा तत्त्वज्ञानाचा सर्वांत कच्चा वापर आहे, कारण सूत्र जितके सर्वसाधारण, तितके ते दोन्ही बाजूंच्या वकिलांना सारखेच उपयोगी पडते. तत्त्वज्ञानाने प्रश्न धारदार होतो, हा त्याचा खरा उपयोग. या प्रकरणात कोणाची सत्ता कोणावर चालते आहे, ती मर्जीने चालते की नियमाने, आणि जिच्यावर ती चालते त्या व्यक्तीला जाब विचारण्याची जागा आहे का, एवढे पक्के झाल्याशिवाय ‘हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे’ या वाक्याला काही अर्थ येत नाही. शिवाय ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरते, तिथे एकाच माणसाला राज्यसत्तेपासून संरक्षण हवे असते आणि राज्यसत्तेकडून संरक्षणही हवे असते. यांपैकी एकच गरज ओळखणारा सिद्धान्त अशा समाजात अपुरा पडतो. माझे बाकीचे सगळे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

ती समजून घेण्यासाठी नाशिककराला पंचवटीच्या पलीकडे जावे लागत नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक आघाडी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, पोलीस आणि दंडाधिकारी बंदोबस्ताला आले. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात, 9 एप्रिलला, रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असा समझोता झाला होता. तो मोडला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आता यशाया बर्लिन यांनी 1958 मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात मांडलेली ‘नकारात्मक स्वातंत्र्या’ची कल्पना इथे लावून पाहा. इतर माणसांनी जाणूनबुजून अडथळा आणला नाही, तेवढ्यापुरता मी स्वतंत्र, असे ती सांगते. बंद दरवाजा हा उघड अडथळा आहे, तेव्हा सूत्र सत्याग्रहींच्या बाजूने बोलते. पण मंदिराचे विश्वस्तही तेच सूत्र हातात घेऊन म्हणू शकत होते की आमच्या देवस्थानाचा कारभार आम्ही परंपरेने करतो, तो बदलायला भाग पाडणे हाच आमच्या स्वातंत्र्यातला हस्तक्षेप आहे. मध्ये उभे असलेले सरकार ‘शांतता राखतो’ एवढेच म्हणत होते, आणि शांतता राखणे म्हणजे प्रत्यक्षात दरवाजा आहे तसा बंद राहू देणे होते. सूत्र एकच, तीन पक्ष, आणि तिघांनाही त्याचा आधार घेता येतो.

इथे दुसरी एक परंपरा जास्त उपयोगी पडते. तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी 1997 च्या सुमारास प्रजासत्ताकवादी स्वातंत्र्याची जुनी कल्पना नव्याने मांडली. तिच्यानुसार प्रत्यक्ष अडथळा आला की नाही, हे पुरेसे नाही. माझ्या आयुष्यात मन मानेल तेव्हा ढवळाढवळ करण्याची मुभा दुसऱ्या कोणाच्या हाती असेल, तर तो आज कितीही दयाळूपणे वागत असला तरी मी परतंत्रच आहे. प्रेमळ धन्याचा गुलाम हा गुलामच असतो. काळारामाचा दरवाजा विश्वस्तांनी एखाद्या दिवशी मोठ्या मनाने उघडला असता, तरी तो उघडणे त्यांच्या मर्जीवर राहिले असते, आणि प्रश्न मर्जीचाच होता. बाबासाहेबांनी 3 मार्च 1934 रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात हेच वेगळ्या शब्दांत सांगितले आहे: हा लढा अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. दरवाजा उघडण्याची याचना करत राहण्यापेक्षा दरवाजावर कोणाचा ताबा आहे हा प्रश्न त्यांनी मोठा मानला, असे मी त्या घोषणेकडे पाहतो.

राज्यघटनेने हा प्रश्न कसा सोडवला ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती बंदी सरकारइतकीच खासगी माणसावरही आहे. कलम 15 च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर स्नानघाटही येतात. गोदावरीच्या काठी राहणाऱ्याला या एका उल्लेखाचे वजन सांगावे लागू नये. कलम 25 धर्मस्वातंत्र्य देते आणि त्याच श्वासात हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करणारे कायदे करण्याची मुभा राज्याला देते. म्हणजे घटनेने समाजाची मर्जी मोडण्यासाठी राज्याचा हात मुद्दाम बळकट केला. बाबासाहेबांनी 1947 च्या आपल्या घटनाविषयक निवेदनात स्पष्ट बजावले होते की राज्याच्या नियंत्रणापासून मुक्ती म्हणून जे सांगितले जाते, ते अनेकदा खासगी मालकाच्या हुकूमशाहीचेच दुसरे नाव असते. राज्य जितके लहान तितके स्वातंत्र्य मोठे, असे मानणाऱ्या आजच्या लिखाणाला हे वाक्य सामोरे ठेवून पाहावे. त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

पण हा बळकट केलेला हात कोणावर पडतो, हे पाहिल्याशिवाय अर्धेच चित्र दिसते. म्हणून तडीपारीकडे वळतो, आणि इथे थोडा जास्त थांबतो, कारण आपल्याकडील वर्तमानपत्रांत दोन ओळींत येणारी ही बातमी तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 56 खाली एखाद्या व्यक्तीला जिल्ह्यातून, आणि गरज वाटल्यास लगतच्या जिल्ह्यांतूनही, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येते. ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, प्रतिबंधात्मक कारवाई आहे. त्यामुळे गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. वकील मित्रांबरोबर अशा नोटिसा आणि आदेश मी वाचत आलो आहे, आणि त्यांची भाषा बहुतेक ठरलेली असते. आधी दाखल गुन्ह्यांची यादी, त्यातले काही प्रलंबित, काहींत निर्दोष सुटका झालेली. मग ‘सदर इसम धोकादायक असून त्याच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे जबाब देण्यास पुढे येत नाहीत’ असे वाक्य. त्यानंतर ‘गोपनीय साक्षीदार अ’ आणि ‘गोपनीय साक्षीदार ब’ यांचे जबाब, ज्यांत ना नाव, ना नेमकी तारीख, ना जागा. ‘सुमारे दोन महिन्यांपूर्वी, सायंकाळच्या वेळी’ एवढेच. कलम 59 प्रमाणे त्या माणसाला फक्त आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवणे पुरेसे असते. ज्याच्यावर नोटीस आली आहे त्याने आता उत्तर द्यायचे असते, पण कोणत्या दिवशीच्या, कोणत्या घटनेबद्दल, कोणाच्या म्हणण्याला, हे त्याला माहीत नसते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचे सुप्रसिद्ध तत्त्व, म्हणजे इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच व्यक्तीवर बळाचा वापर करावा, हे इथे लावले तर काय हाती येते? फार थोडे. पोलीसही इजा टाळण्यासाठीच कारवाई करत आहेत असे सांगतात, आणि अनेक प्रकरणांत ते खरेही असते. वस्तीत गुंडगिरी करणाऱ्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला शेजारी घाबरतात, ही कल्पित गोष्ट नाही. प्रश्न इजा रोखावी का हा नाहीच. इजा होणार आहे हे कोणी ठरवायचे, कोणत्या पुराव्यावर, आणि चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडणार, हा प्रश्न आहे. प्रजासत्ताकवादी चौकटीतून पाहिले तर हरकत नेमकी कुठे घ्यायची ते दिसते: अधिकाऱ्याचे समाधान हाच पुरावा आणि त्याचे कारण झाकलेले, अशा जागी सत्ता मर्जीच्या जवळ जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात, पासपोर्ट जप्त करून कारणे न सांगणाऱ्या सरकारला, कलम 21 मधली ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असे बजावले, त्यामागचे तत्त्व हेच आहे. आणि 2022 मध्ये जालना जिल्ह्यातील एका तडीपारी प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की ही असाधारण उपाययोजना आहे, ती कलम 19 मधील देशभर मुक्तपणे फिरण्याच्या अधिकाराला बाधा आणते, म्हणून ती सरधोपटपणे वापरायची नाही आणि आदेशात सारासार विचार दिसला पाहिजे.

याच अधिनियमाचे कलम 55 आणखी जवळून वाचा. एखाद्या टोळीचे किंवा माणसांच्या समूहाचे फिरणे आणि तळ ठोकणे धोका किंवा वाजवी संशय निर्माण करत असेल, तर तिला पांगवण्याचा किंवा हलवण्याचा अधिकार तिथे दिला आहे. कोणत्याही जातीचे नाव नाही. पण महाराष्ट्रात पालं ठोकून कोण राहते, गावोगाव कोण फिरते, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. ब्रिटिशांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तो 1911 नंतर मुंबई इलाख्यात लागू झाला, आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्यासारख्या जमातींतील माणसांना जन्मावरून संशयित ठरवून रोज चौकीवर हजेरी द्यायला लावली, परवान्याशिवाय गाव सोडण्याची बंदी केली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये ठेवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’. पण 1959 मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि संशयाची सवय कायद्याबरोबर रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयी दिलेल्या निकालात हे दोन्ही धागे एकत्र पाहिले: साफसफाईचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांना वाटून देणारे कारागृह नियमावल्यांतील नियम रद्द केले, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींना ‘सवयीने गुन्हेगार’ मानणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह असलेल्या शहरातल्या अभ्यासकाने हा निकाल मुळातून वाचावा, सारांशावर भागवू नये.

आता अमेरिका. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये असे ठरवले की अटकेसाठी लागणाऱ्या कारणापेक्षा कमी, पण शब्दांत सांगता येईल अशा वाजवी संशयावर पोलीस रस्त्यात माणसाला थांबवू शकतात आणि शस्त्रासाठी चाचपू शकतात. तत्त्व म्हणून ते समतोल वाटते. न्यूयॉर्कमध्ये त्याचे काय झाले ते 2013 च्या एका संघीय न्यायालयाच्या निकालात नोंदले आहे: जानेवारी 2004 ते जून 2012 या काळात 44 लाखांहून अधिक वेळा लोकांना थांबवले गेले; त्यांत 52 टक्के कृष्णवर्णीय आणि 31 टक्के हिस्पॅनिक होते, तर शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे 23 टक्के होते; आणि 88 टक्के वेळा अटक किंवा समन्स असे पुढे काहीही घडले नाही. म्हणजे ज्यांना थांबवले त्यांतले बहुसंख्य लोक निरपराध म्हणून सोडून द्यावे लागले. न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

इथे तत्त्वज्ञानाने एक सूक्ष्म गोष्ट दाखवायची असते. एकेका घटनेकडे पाहिले तर इजा लहान आहे, पाच मिनिटांची अडवणूक. एकूण फायदा-तोटा मोजणाऱ्या उपयुक्ततावादी हिशेबात अशा लहान इजांची बेरीज करून तिच्यासमोर टळलेल्या गुन्ह्यांची बेरीज ठेवतात. पण ज्या तरुणाला वर्षातून चारदा थांबवले जाते, त्याला प्रत्येक वेळी कळणारी गोष्ट वेगळी असते: आपल्या शहरात आपण इतरांसारखे नागरिक नाही, आपल्याला कारण न देता थांबवता येते आणि कारण विचारणे धोक्याचे ठरू शकते. ही इजा बेरजेत बसत नाही, कारण ती दर्जाची इजा आहे. 25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, तेव्हा जगभर उसळलेला संताप केवळ एका मृत्यूचा नव्हता. रोजच्या दर्जाहीनतेचे ते टोक होते, म्हणूनच तो इतक्या ठिकाणी ओळखीचा वाटला.

मग वंश आणि जात एकच का? मी ‘नाही’ असेच उत्तर देईन, आणि तरीही तुलना सोडू नये असा आग्रह धरीन. वंशवाद शरीरावर दिसणाऱ्या रंगावर उभा आहे. जात रंगावर दिसत नाही, ती आडनावातून, गावाच्या नावातून, दाखल्यातून विचारून काढली जाते. बाबासाहेबांनी स्वतः जातीचा वांशिक उगम नाकारला होता. अमेरिकेतील गुलामी ही कायदेशीर मालकी होती. आपल्याकडे त्यांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता आहे, ज्यात जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते, त्यामुळे पीडितांची एकजूट मुळातच अवघड होते. हे फरक विसरून लिहिलेले निबंध मला दुबळे वाटतात. पण यंत्रणा कुठे सारखी आहे ते पाहा. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीतल्या जातीत विवाह हे जातीचे मर्म म्हणून दाखवले. आंतरवंशीय विवाह गुन्हा ठरवणारे अमेरिकी राज्यांचे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते 1967 मध्ये. जन्मावरून सामूहिक संशय, विवाहावर पहारा, घाणीच्या कामांची वाटणी, आणि या सगळ्याला ‘व्यवस्था’ म्हणणारी राज्यसत्ता: एवढे साम्य तुलनेला पुरेसे आहे.

ही तुलना परकीयही नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील त्या सज्जन लोकांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या लढ्याची आठवण ठेवून. मराठीत हा विषय लिहिताना आपण दीडशे वर्षांच्या संभाषणात सामील होत आहोत, हे भान असावे.

आता तुमच्या प्रश्नातील ‘विचारवंत निवडायचा का’ या भागाकडे. विचारवंत निवडताना त्याने कोणाला मोजले नाही ते पाहणे आवश्यक आहे. मिल 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होते, आणि 1859 च्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात त्यांनी इजेविषयीचे आपले तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी निरंकुश सत्ताही योग्य, असे लिहिले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी नैसर्गिक हक्कांची मांडणी केली, आणि ज्या 1669 च्या कॅरोलायना वसाहतीच्या संहितेच्या कामात ते सहभागी होते तिने स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता दिली. तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांनी 1997 मध्ये यालाच वांशिक करार म्हटले: सामाजिक करार सर्वांचा असल्याचे सांगतो, पण तो करणारे गोरे असतात आणि बाकीचे त्याचा विषय असतात. त्यांनी रॉल्स यांच्यावर घेतलेला आक्षेपही गंभीर आहे. रॉल्स यांच्या अज्ञानाच्या पडद्याआडून, म्हणजे समाजात आपली जागा कोणती हे माहीत नाही असे धरून, आदर्श समाजाचे नियम ठरवता येतील. पण आधीच घडलेल्या अन्यायाची दुरुस्ती कशी करायची, हे आदर्श समाजाच्या आराखड्यातून कळत नाही.

म्हणून मिल टाकून द्यायचे का? माझे मत ठामपणे नाही असे आहे. 1865 मध्ये जमैकात मोरांट बे येथे कृष्णवर्णीयांचा उठाव गव्हर्नर आयर यांनी लष्करी कायदा पुकारून शेकडो माणसे मारून चिरडला, तेव्हा गव्हर्नरवर खटला भरावा म्हणून इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या समितीचे नेतृत्व 1866 मध्ये याच मिल यांनी केले. ग्रंथातल्या अपवादापेक्षा त्यांची कृती पुढे गेली, कारण कायद्याबाहेर वागणाऱ्या सत्तेला जाब विचारलाच पाहिजे या तत्त्वावर त्यांनी तडजोड केली नाही. तत्त्वाची व्याप्ती त्याच्या कर्त्यापेक्षा मोठी असू शकते. फुल्यांनी टॉमस पेन यांच्याकडून आणि बाबासाहेबांनी जॉन ड्यूई यांच्याकडून नेमके हेच घेतले: विचार घेतला, त्याची कक्षा स्वतःच्या माणसांपर्यंत वाढवली.

समतेच्या वादात ही पद्धत लगेच उपयोगी पडते. 29 जून 2023 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश लक्षात घेणारी प्रवेशपद्धत घटनाबाह्य ठरवली. बहुमताचा गाभा असा की राज्याने आणि संस्थांनी वंश पाहूच नये. ‘घटना रंग पाहत नाही’ हे वाक्य मूळचे 1896 च्या एका निकालातील विरोधी मताचे, आणि तेव्हा ते रेल्वेच्या डब्यांतून कृष्णवर्णीयांना वेगळे बसवण्याविरुद्ध वापरले गेले होते. तेच वाक्य 2023 मध्ये भरपाईविरुद्ध वापरले गेले. सूत्र तेच राहिले, पण ते कोणाच्या सत्तेविरुद्ध उभे आहे हे बदलले, आणि माझ्या मते म्हणून त्याचा न्यायही बदलला. आपल्याकडे 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम 15 मध्ये मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींची मुभा देणारा चौथा खंड आला, आणि 1976 च्या केरळविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण हा समतेचा अपवाद नसून तिचेच अंग आहे असा विचार मांडला. मला ही भूमिका अधिक खरी वाटते. अगदी रॉबर्ट नोझिक यांच्यासारखा मालमत्तेचा कट्टर पुरस्कर्ताही 1974 मध्ये मान्य करतो की मालकी न्याय्य ठरायची तर ती अन्यायाने मिळालेली नसावी, आणि मिळाली असेल तर दुरुस्ती करावी लागेल. ती कशी, ते मात्र तो मोघम ठेवतो.

कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे चौकट तुलनेने तयार आहे. 2003 च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. गर्दीवर लक्ष ठेवणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. 2017 च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि त्यावरील मर्यादेसाठी कायदा, वैध उद्देश आणि प्रमाणबद्धता मागितली. गर्दीची घनता मोजणारा कॅमेरा आणि चेहरा ओळखून नोंद ठेवणारी यंत्रणा यांत याच कसोटीने फरक करावा. दुसरी यंत्रणा बसवायची असेल तर नोंद किती दिवस राहील, ती कोण पाहू शकेल, पर्वणी संपल्यावर तिचे काय होईल, आणि चेहरा कोणत्या यादीशी ताडला जाईल हे लेखी ठरले पाहिजे. ती यादी जुन्या संशयितांची असेल, तर वर सांगितलेला सगळा इतिहास यंत्रात शिरतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे, हे इथे विसरू नये.

एक आक्षेप तुमच्या मार्गदर्शकांकडून येईल, आणि तो यायला हवा: या मांडणीत पोलीस नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात. त्याचे उत्तर अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या इतिहासात आहे. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या गैरवापराची भीती व्यक्त करून गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली आणि अटकेपूर्वी परवानगी आवश्यक केली. देशभर विरोध झाला, ऑगस्ट 2018 मध्ये संसदेने कलम 18 अ घालून त्या अटी दूर केल्या, 2019 मध्ये न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये दुरुस्ती वैध ठरवताना प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाची वाट उघडी ठेवली. तडीपारीत मी अधिकाऱ्याच्या विवेकाधिकारावर लगाम मागतो आणि इथे अटकेपूर्वीच्या अटी काढल्याचे समर्थन करतो, यात विसंगती आहे का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला ती दिसत नाही. दलित वस्तीतील बाई तक्रार घेऊन ठाण्यात येते तेव्हा ‘आधी चौकशी करू’ म्हणून तिला परत पाठवण्याची मुभा हीसुद्धा मर्जीची सत्ता आहे, आणि ती गावातल्या वरचढ जातीच्या मर्जीला जाऊन मिळते. पारध्याच्या पालावर मध्यरात्री जाण्याची मुभा आणि या बाईची फिर्याद न नोंदवण्याची मुभा एकाच ठाण्यात, एकाच टेबलावर असते. दोन्ही ठिकाणी मागणी एकच आहे: कारण लेखी असावे, ते वरच्या कोणीतरी तपासावे, आणि ज्याच्यावर सत्ता चालली त्याला ते मिळावे. मात्र ज्याच्यावर अत्याचाराचा आरोप आहे त्यालाही हीच मागणी करण्याचा हक्क आहे, आणि 2020 च्या निकालाने ठेवलेली वाट त्या हक्काची आहे. ती टिकावी, असेच मी म्हणेन.

लघुशोधप्रबंधाबाबत सूचना एवढीच की सिद्धान्ताचे प्रकरण आधी आणि उदाहरणांचे नंतर अशी रचना करू नका. नावे झाकलेला तडीपारीचा एक आदेश आणि न्यूयॉर्कविषयीचा 2013 चा निकाल शेजारी ठेवा, दोन्हींत संशयाचे कारण कोणत्या शब्दांत दिले आहे ते ओळीओळीने लिहून काढा, आणि मिल, पेटिट, आंबेडकर यांपैकी ज्याची जिथे गरज पडेल तिथे त्याला आणा. आदेश मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरील निकाल पुरेसे आहेत. त्यांत आव्हान दिलेल्या आदेशांतील उतारे आणि गोपनीय जबाबांचे सारांश अनेकदा जसेच्या तसे दिलेले असतात.